घरचा मेंदू

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांची तोंडी परीक्षा घेत होते. समोरचा मुलगा सरासरी आणि मध्यक यांच्यातला फरक सांगता सांगता अडकला होता आणि बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघत होते. प्रशांत म्हणजे सुजाताचा धाकटा भाऊ. तो कन्हानला राहतो, मला एरवी कधी फोन करत नाही, म्हणून मी उचलला. सकाळी ओट्यापाशी ती एकदम खाली बसली, शेजारच्या बाईंनी पाहिलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं... एवढं तो एका दमात बोलला. मी येते म्हटलं. त्या मुलाला उत्तर न ऐकताच पूर्ण गुण दिले आणि ऑटो पकडून सक्करदऱ्याला तिच्या घरी निघाले.

त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल या पानावर चांगलंच लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. पुरवणीच्या संपादकबाईंनी तसं सुचवलंही. दोन मैत्रिणी, मेंदूचं संशोधन, इतक्या वर्षांची सोबत, असं काहीतरी हृद्य लिहा म्हणाल्या. मी हो म्हटलं खरं, पण लिहायला बसले की हात आखडतो, कारण माझं डोकं अजून तापलेलं आहे. मी सुजातावर रागावलेली आहे. ती समोर असती तर कडाडून भांडले असते, मग कितीतरी दिवस अबोला धरला असता, आणि एखाद्या संध्याकाळी तिनंच येऊन काही घडलंच नाही असा चेहरा करून चहा मागितला असता. आता भांडायची सोय राहिली नाही, म्हणून इथं लिहिते आहे. ज्यांना हृद्य वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

आमची ओळख एम.एस्सी.च्या वर्षातली. ती भौतिकशास्त्राला, मी संख्याशास्त्राला, आणि दोघींचा एक विषय सामाईक होता. ती रोज कन्हानहून बसनं यायची. वडील कोळशाच्या खाणीत, घरी पुस्तकांचं एक कपाट आणि त्यावर बाबासाहेबांची तसबीर. शिकण्यावाचून दुसरा मार्गच नाही अशी त्या घराची समजूत, आणि ती सुजातानं जन्मभर पाळली. वर्गात आम्ही बाकीच्या पोरी घरची बोली घरी ठेवून यायचो. ही मात्र सरांनाही बिनधास्त "मले नाही समजलं" म्हणायची. माझं मराठी ऐकून पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "नीलू, तू बोलते का वाचून दाखवते वं?" मी चिडले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारीच जाऊन बसले. ती कधी गोड बोलली नाही. जे वाटेल ते तोंडावर सांगायचं, ही तिची ख्याती. एखादीची साडी वाईट दिसत असेल तर ती लग्नाच्या मांडवातही सांगायची. माझा तिच्यावर जो विश्वास बसला तो याच स्वभावामुळे. जी बाई साडीबद्दल खोटं बोलत नाही ती कशाबद्दलच खोटं बोलणार नाही, असं मी धरून चालले.

पुढे ती पीएच.डी.साठी बाहेर गेली, तिकडेच राहील असं सगळ्यांना वाटलं, पण परत आली. इथं नागपूरच्या एका इस्पितळाला जोडलेल्या संशोधन केंद्रात मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्राची ती प्रमुख झाली, सक्करदऱ्याला फ्लॅट घेतला, आईला आणलं. आई गेल्यावर एकटीच राहिली. मी तोवर कॉलेजात स्थिरावले होते, मुलांना तीच तीच उदाहरणं सोडवून दाखवत होते आणि त्यात फारसं काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं. एक दिवस ती घरी आली आणि म्हणाली, तुझं गणित कागदावरच मरून राहिलं, चाल, तुला जिवंत माणसं देते. तिनं खरंच दिली. माझ्या आयुष्यात जे काही काम मी अभिमानानं सांगू शकते ते त्या दिवसापासूनचं आहे, आणि म्हणूनच राग इतका आहे.

ते काम काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. एमआरआयचं ते मोठं यंत्र हा ओघ टिपतं. सुजाता नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावायची, यंत्राले विचार नाही दिसत, रक्त दिसते. आता प्रश्न असा, की कानावर एक आवाज पडला तर एवढा ओघ वाढतो, मग लागोपाठ दोन पडले तर दुप्पट वाढेल का? तसं धरून चालायची पद्धत होती, कारण तसं धरलं की बेरजा सोप्या होतात. पण माणूस असा वागत नाही हे कुठल्याही स्वयंपाकघरात कळतं. कुकरची पहिली शिट्टी दचकवते, तिसरी ऐकूच येत नाही. आधीचा आवाज पुढच्या आवाजाचा घास खातो. किती खातो, दोन्हींत किती अंतर असलं तर खातो, आवाज मोठा असला तर जास्त खातो का, हे आम्हाला मांडायचं होतं. प्रत्येक आवाजाचा स्वतःचा परिणाम आणि शिवाय आधीच्या आवाजांचा त्याच्यावर पडलेला दाब, अशी दुपदरी मांडणी मी केली. ती आलेखावर काढली की रेघ सुरुवातीला सरळ चढते आणि मग एका ठिकाणी थकून वाकते. त्या वाकण्याला आम्ही वळण म्हणायचो. आमचं सगळं संशोधन म्हणजे ते वळण कुठे येतं आणि का येतं, एवढंच.

आठवडाभर यंत्र रुग्णांसाठी असायचं, म्हणून आम्हाला रविवार मिळायचा. सकाळी सुजाता डबा घेऊन यायची, बहुतेक वेळा पातोडीचा रस्सा आणि भाकरी, आणि दुपारी काम संपलं की आम्ही त्या थंडगार इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसून जेवायचो. यंत्रात झोपायला विद्यार्थी यायचे. ते कानाला हेडफोन लावून पडायचे आणि आम्ही त्यांना टिक टिक असे आवाज ऐकवायचो, कधी जवळजवळ, कधी लांब लांब, कधी हळू, कधी मोठे. पोरं हलायची, घोरायची, एकदा आली की परत यायची नाहीत. त्यांच्या रेघा दातेरी यायच्या. म्हणून आमच्याकडे एक रिवाज पडला होता: आवाजांची नवी मालिका बाहेरच्यांना ऐकवण्याआधी घरचं कुणीतरी यंत्रात झोपायचं. घरचं म्हणजे सुजाता. ती दगडासारखी निपचित पडू शकायची. आवाजांचा क्रम मी लावायचे आणि तिला सांगायचे नाही, आणि गणित करणाऱ्या बाईनं यंत्रात झोपायचं नाही हा नियम तिनंच घातला होता, कारण तुझा मेंदू आवाजाची वाट पाहत बसेल, असं तिचं म्हणणं. ते बरोबरही होतं. केंद्रातली मुलं तिला घरचा मेंदू म्हणायची. बाकीचे सगळे एकेकदाच आले, पण वर्षानुवर्षं त्याच यंत्रात, तेच आवाज ऐकत पडलेली आमच्याकडे ती एकटीच होती.

आणि तिचं वळण फार सुंदर यायचं. दुसऱ्यांच्या रेघांत जे शोधावं लागे ते तिच्या रेघेत ढळढळीत दिसायचं. माझी मांडणी मुळात उभी राहिली ती त्या रेघेवर. काही वर्षांनी मला आणखी एक गोष्ट दिसली. तिचं वळण दरवर्षी थोडं अलीकडे सरकत होतं. पूर्वी जिथं रेघ चढत राहायची तिथं ती आता वाकायला लागली होती. मी कित्येक दिवस त्यावर डोकं खाजवलं आणि शेवटी मला वाटलं की कळलं: हा सराव आहे. मेंदूला हे आवाज ओळखीचे झालेत, त्यांचं त्याला नवल राहिलेलं नाही, म्हणून तो लवकर थकतो. थोडक्यात, मेंदूचा सरावही आता गणितात मांडता येईल. मी धावत सुजाताच्या खोलीत गेले आणि तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ आलेखाकडे बघत राहिली. एरवी माझ्या कुठल्याही कल्पनेची ती आधी चिरफाड करायची. त्या दिवशी केली नाही.

"असन वं," ती म्हणाली. "तू म्हणते तं असन."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

तो निबंध छापून आला, त्याची बऱ्यापैकी दखल घेतली गेली, आणि मला पुण्याच्या एका परिसंवादात बोलावलं. सुजाता सोबत आली, पहिल्या रांगेत बसली. सरावाचा भाग लोकांना फारच आवडला. शेवटी एका वयस्क शास्त्रज्ञांनी अगदी सौम्यपणे विचारलं, की हे मेंदूच्या पेशींमुळेच होतंय कशावरून? यंत्र तर रक्त बघतं. समजा रक्त नेणारी शीरच अरुंद असली, तर ओघ वाढायला जागाच उरणार नाही आणि रेघ अशीच लवकर वाकेल. रास्त प्रश्न होता. शिरांचं खातं माझं नव्हतं, म्हणून मी सुजाताकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली, पदर नीट केला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आम्ही ते तपासलं आहे. शिरा ठीक आहेत." पुस्तकी मराठीत म्हणाली. मी माईकमधून तिचे आभार मानले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. परतीच्या प्रवासात तिनं खिडकीची जागा मला दिली आणि ती डोळे मिटून बसली. दमली असेल म्हणून मीही तिला छेडलं नाही.

एका हिवाळ्यात आम्ही रामटेकला गेलो होतो. पायऱ्या चढताना अर्ध्यावर ती बाजूच्या कठड्यावर टेकली आणि माझा हात धरला. मी काय झालं म्हणून विचारत होते आणि ती तोंड उघडत होती, पण शब्द येत नव्हता... क्षणभरच. मग शब्द आला. ऊन लागलं म्हणाली. हिवाळ्यात कसलं ऊन, असं मी म्हटलंही, त्यावर, नागपूरचं ऊन काय पंचांग पाहून लागते का, असं म्हणून तिनं मला हसवलं. पुढे कधी तिच्या हातातून पेला निसटायचा, कधी बोलता बोलता एखादं नाव हरवायचं. आपलं वय झालं नीलू, एवढंच म्हणायची. साडीबद्दल खरं बोलणारी बाई हे म्हणते आहे, म्हटल्यावर मी दुसरा विचार केला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कन्हानच्या विहारात झाला. वंदना झाली, लोक तिच्याबद्दल बोलले, मीही बोलले, आणि आज ते बोलणं आठवलं की अंगावर काटा येतो, कारण मी तिच्या सच्चेपणाबद्दल बोलले होते. कार्यक्रम आटोपल्यावर केंद्रातले वयस्क रेडिओलॉजिस्ट, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे ओले होते आणि आवाजात माझ्याविषयी तक्रार होती.

"तुम्ही तरी तिला ऑपरेशनला तयार करायला हवं होतं," ते म्हणाले.

मी विचारलं, कसलं ऑपरेशन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो असं त्यांना वाटतंय. पण आता ते मागे घेता येण्यासारखं नव्हतं. आमच्या केंद्रात यंत्रात झोपणाऱ्या प्रत्येकाचं साधं चित्र एकदा भाऊसाहेबांच्या नजरेखालून जातं, तसा नियमच आहे. सुजाताच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांतच त्यांना दिसलं होतं की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी एक शीर आवळत चालली आहे. त्यांनी तिला बोलावून सांगितलं. ऑपरेशन होण्यासारखं होतं, पण त्यात वाचा जाण्याचा धोका होता. ती पाहू म्हणाली. दरवर्षी पाहूच म्हणाली. आणि हे कुणाला सांगायचं नाही असं तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. रुग्णानं सांगितल्यावर त्यांचाही इलाज नव्हता. मला मात्र तिनं सांगितलंच असेल, असं ते इतकी वर्षं समजत होते. आम्हा दोघींना रविवारी पायऱ्यांवर जेवताना बघून त्यांना वाटायचं, नीलिमाबाईंना माहीत आहे, म्हणजे काळजी नाही.

मी विहाराच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. माझं पहिलं दुःख तिच्यासाठी नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. माझ्या डोक्यात आधी ती रेघ आली. यंत्राला विचार दिसत नाही, रक्त दिसतं. म्हणजे तिचं ते सुंदर, स्वच्छ वळण कानाचं नव्हतं, आवळलेल्या शिरेचं होतं. म्हणजे दरवर्षी जे अलीकडे सरकत होतं तो सराव नव्हता. मी माझ्या मैत्रिणीचं मरण वर्षानुवर्षं काळजीपूर्वक मोजत होते, त्याचे आलेख काढत होते, त्याला छान नाव दिलं होतं आणि सभागृहं भरून लोकांना समजावून सांगत होते. आणि तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या खोलीत आलेखाकडे बघत असताना तिला ठाऊक होतं, पुण्याला पदर नीट करून उठताना तिला ठाऊक होतं. तिनं मला चुकू दिलं. नुसतं चुकू दिलं नाही, माझी चूक हातात धरून उभी राहिली आणि सगळ्यांना सांगितलं की ही बरोबर आहे. वैऱ्यानं असं केलं असतं तर मी समजू शकले असते.

मंडळी पांगल्यावर प्रशांत चहा घेऊन आला. त्यालाही माहीत होतं. मी त्याला विचारलं, आणि मला वाटतं माझा आवाज चढला असावा, कारण दारातल्या बायका बघायला लागल्या. तो बिचारा खाली बसला. म्हणाला, तुमाले तं सगळं माहीत असन असंच मले वाटत होतं, मंग मागच्या वर्षी ताईनंच सांगितलं का तुमाले माहीत नाही म्हणून. मी म्हटलं, का? मलाच का नाही?

त्यानं कप खाली ठेवला. "म्या बी विचारलं, काहून नाही सांगत म्हणून. ताई म्हणे, नीलूले सांगितलं तं आमचा रविवार बंद होईन."

झालाच असता. मी त्याच दिवशी काम थांबवलं असतं, तिला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं असतं, तिच्या सगळ्या रेघा बाजूला काढल्या असत्या. तिला ते नको होतं हे मला कळतं. ज्या बाईला नवरा नाही, मूल नाही, आई गेलेली, तिच्या आठवड्यात तो एक दिवस होता, हेही कळतं. प्रशांतला वाटलं हे ऐकून माझा राग उतरेल. लोकांना तसंच वाटतं, कारण कळलं की राग निवतो असा समज आहे. माझा निवला नाही. रविवार काय तिच्या एकटीचा होता? माझाही होता, आणि तिनं तो मला न विचारता एका खोट्यावर उभा केला. मला जर विचारलं असतं, की तुला निबंध हवा की मी हवी... पण विचारलंच नाही. माझ्या वतीनं उत्तरही तिनंच देऊन टाकलं.

शोकाचे ते दिवस लोक जसे घालवतात तसे मी घालवले नाहीत. मी तिला गणितातून वजा करत बसले. तिच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या आणि उरलेल्या दातेरी, घोरणाऱ्या, हलणाऱ्या पोरांवर ती मांडणी पुन्हा चालवली. वळण आलं. तिच्याइतकं ठसठशीत नाही, पण आलं. आवाज आवाजाचा घास खातो, हे खरंच होतं, ते सिद्ध करायला तिच्या शिरेची गरज नव्हती. सरावाचा भाग मात्र पार कोसळला, कारण वर्षानुवर्षं आलेली ती एकटीच होती. म्हणजे अर्धं घर उभं राहिलं आणि अर्धं पडलं. मी तशी दुरुस्ती लिहून पाठवली. त्यात, एका सहभागी व्यक्तीला रक्तवाहिनीचा विकार होता असं आता समजलं आहे, असं एक वाक्य आहे. तिचं नाव नाही. ते वाक्य लिहिताना मला वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटत नाही याचंच मग रडू आलं.

तरी ती पुरती जाईना. मेंदू काही सगळ्यांचे एका मापाचे नसतात. एकाचा लांबट, एकाचा रुंद, म्हणून सगळ्यांची चित्रं एका साच्यात बसवून घ्यावी लागतात आणि कानाचा भाग कुठून कुठपर्यंत, याची रेघ त्या साच्यावर एकदाच आखावी लागते. आमचा साचा कुणाचा होता हे त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं. त्यात कुणाला लपवायचं काही नव्हतं. सुरुवातीला हाताशी एकच चांगलं चित्र होतं, सुजाताचं, म्हणून तेच घेतलं होतं. म्हणजे मी तिच्या नोंदी वजा केल्या होत्या, पण उरलेल्या प्रत्येक पोराचा मेंदू मी तिच्या मेंदूच्या हद्दीतून बघत होते. हेही बदलायलाच हवं होतं. आजारी शिरेच्या मेंदूवर साचा ठेवणं बरोबर नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवलं असतं. गेल्या रविवारी केंद्रात गेले. नव्या साच्यासाठी कोण झोपणार, असा प्रश्न आला. नियम मोडून मी म्हटलं, मी झोपते, साच्याच्या चित्राला आवाज लागत नाहीत. फक्त एक अट घातली, की भाऊसाहेबांना जे काही दिसेल ते त्यांनी मला आणि तिथं बसलेल्या सगळ्यांना सांगायचं. असं करत नाहीत म्हणाले. मी म्हटलं, मेंदू माझा आहे.

इतक्या वर्षांत मी त्या टेबलावर कधी आडवी झाले नव्हते. ते गार असतं. कानात बोळे घालतात, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं एक झाकण बसवतात, आणि मग टेबल आत सरकतं. डोळ्यांच्या अगदी वर, त्या पिंजऱ्याला, हाताच्या पंजाएवढा एक तिरपा आरसा लावलेला आहे. माणूस आत गुदमरू नये, त्याला बाहेरचं काही दिसत राहावं म्हणून. बाहेरून तो दिसतही नाही, निदान मी कधी पाहिला नव्हता. आत गेल्यावर मी डोळे उघडले आणि त्या आरशात काचेपलीकडची खोली दिसली. पडदा दिसला, त्यावरच्या दिव्याचा उजेड दिसला आणि त्या उजेडात माझी खुर्ची दिसली. मी काढून ठेवलेली शाल तिच्या पाठीवर होती, तिचे काठसुद्धा दिसत होते.

सुजाता आत असताना मी त्या खुर्चीत बसायचे. कच्ची रेघ पडद्यावर तिथल्या तिथं उमटायची, आणि वळण गेल्या वेळेपेक्षा अलीकडे आलं की मी उठून उभी राहायचे. एकदोनदा तर टाळ्याही वाजवल्या होत्या, तंत्रज्ञाला पेढा आणायला पाठवलं होतं. ती आत आहे, तिला काय दिसतंय, असा माझा समज होता. तिला सगळं दिसत होतं. शीर आणखी आवळली, हे तिला दरवेळी माझ्या आनंदावरून कळत होतं... आणि ती निपचित पडून तो आनंद बघत राहायची.

यंत्राची धडधड सुरू झाली होती. कानातल्या बोळ्यांतूनही तंत्रज्ञाचा आवाज आला, "मॅडम, हलू नका, चित्र बिघडून राहिलं."